लोक काय म्हणतील म्हणून लांबवलेले उपचार

औषधपेटी

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. मी फार्मासिस्ट आहे, हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते, आणि आमच्या खिडकीवर जे दिसतं ते खूपदा आत बसलेल्या डॉक्टरांनाही दिसत नाही. माणूस औषधं घेतो, बाजूला जातो आणि पिशवीत टाकायच्या आधी बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून काढतो. कोणी विचारतं की ह्या गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून द्याल का. स्ट्रिपच्या पाठीवर नाव छापलेलं असतं, ते दिसू नये म्हणून एकेक गोळी सोलून कागदाच्या पुडीत बांधून नेणारी माणसं आहेत, मग त्या गोळ्यांना दमट हवा लागते, दोन प्रकारच्या गोळ्या एकमेकींत मिसळतात आणि सकाळची कुठली नि रात्रीची कुठली हेही कळेनासं होतं.

आजार कुठले म्हणाल तर फिट, टीबी, एचआयव्ही, डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, कुष्ठरोग, दारू सोडायची औषधं. म्हणजे ज्यांचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा बदलतो ते सगळे.

मला मुख्य म्हणायचंय ते हे की ही माणसं अडाणी नाहीत. आपण नेहमी म्हणतो की लोकांना माहिती नाही म्हणून ते उपचार घेत नाहीत, जनजागृती करा, पोस्टर लावा. पण मला जे दिसतात त्यांना आजार माहितीये, औषध माहितीये, डोस पाठ आहे. त्यांनी एक हिशोब केलेला असतो, की आजार उघड झाला तर काय जाईल आणि औषध नाही घेतलं तर काय जाईल. नोकरी, घर, नातं हे उद्या सकाळी जाऊ शकतं, आणि आजाराचं नुकसान चार महिन्यांनी, वर्षाने होणार असतं. मग जे आधी जाणार ते वाचवायला बघतात. हा हिशोब त्यांच्या जागी उभं राहून बघितला तर वेडेपणाचा वाटत नाही मला, आणि म्हणूनच त्यांना माहितीपत्रक देऊन फारसं काही होत नाही असं माझं मत झालंय. उघड होण्याची किंमत कमी करायला पाहिजे आणि ते काम पेशंटचं नाही, बाकीच्यांचं आहे.

आणि लपवण्यातून नवीन धोका कसा तयार होतो त्याचं एक उदाहरण देते. बायपोलर ह्या मानसिक आजारासाठी लिथियमच्या गोळ्या चालू असलेला माणूस गुडघा दुखतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरला लिथियमचं सांगत नाही, कारण सांगितलं की आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. डॉक्टर आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक लिहून देतात, जे एरवी सगळ्यांना देतात. पण ह्या गोळ्यांनी किडनीवाटे लिथियम बाहेर पडायचं कमी होतं आणि रक्तात साठत जातं. हात थरथरतात, उलट्या होतात, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं. घरच्यांनाही लिथियमचं माहीत नसेल तर मग हे सगळं कशामुळे होतंय ते कुणालाच कळत नाही. तसंच टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, टीबी लपवला तर हे कोण सांगणार त्या बाईला?

तुमचे अनुभव लिहा. नावं, ठिकाणं नकोत.

---

माळरान

फार गरजेचा विषय घेतलात ताई. आमच्या घरात फिटचा आजार आहे, माझ्या मावशीला. लहानपणापासून. तिला गोळ्यांनी अगदी व्यवस्थित होतं, वर्षानुवर्षं फिट नाही, पण लग्नाआधी कुणाला सांगितलं नव्हतं आणि लग्नानंतर सासरी गोळ्या घेताना कुणी बघू नये म्हणून तिने त्या हळूहळू कमी केल्या आणि मग बंदच केल्या. अशा बंद केलेल्या गोळ्यांनी काय होतं ते आम्ही बघितलं, फिट थांबेचना, एकामागून एक येत राहिली. वाचली, पण ते बघणाऱ्या कुणीच विसरलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि नीट निदान झालं नि औषध मिळालं तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. म्हणजे बहुतेकांसाठी हा बीपीसारखा रोजच्या गोळीचा आजार होऊ शकतो. पण बीपीची गोळी माणूस जेवणाच्या टेबलावर ठेवतो आणि फिटची गोळी कपाटात साडीच्या घडीखाली. फरक एवढाच आहे आणि त्या फरकाने माझी मावशी आयसीयूत गेली.

---

औषधपेटी

माळरान, मावशींबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत म्हणून जोडते. फिटच्या काही औषधांनी, त्यातही व्हॅल्प्रोएटने, गर्भातल्या बाळाला व्यंग होण्याचा धोका बराच वाढतो. त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं, त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहेत. पण जी बाई आजार लपवून गोळी घेतेय ती हे बोलणार कुणाशी? मग ती एकतर धोक्याची गोळी चालू ठेवते नाहीतर भीतीने स्वतःच बंद करते आणि दोन्हीत आई आणि बाळ दोघांना धोका. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा परिस्थितीत असेल तर प्लीज गोळी आपली आपण बंद करू नका, आधी न्यूरॉलॉजिस्टला गाठा.

---

रात्रपाळी

नर्स आहे, वीसेक वर्षं वॉर्डात. मला ह्यात एक भर घालायचीये जी आमच्या क्षेत्रातल्या लोकांना आवडणार नाही. आपण समाज समाज म्हणतो तेव्हा शेजारी, नातेवाईक, ऑफिस डोळ्यासमोर येतं. पण पेशंटला सगळ्यात खोल लागतं ते हॉस्पिटलमध्ये मिळालेलं वागणं. कारण तिथे तो मदत मागायला आलेला असतो.

मी बघितलेलं लिहिते. एचआयव्ही असलेल्या बाळंतिणीच्या केसपेपरवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलेलं, आणि तो केसपेपर बेडच्या पायाशी क्लिपला लटकवलेला, येणारा जाणारा वाचणार. बीपी घ्यायला दोन दोन ग्लोव्हज. जेवणाची ट्रे हातात न देता स्टुलावर ठेवून जाणं. ऑपरेशन लिस्टमध्ये काहीही कारण नसताना सगळ्यात शेवटी नंबर. यातलं एकही संसर्ग टाळायला लागत नाही. रक्ताशी संबंध येणार असेल तर ग्लोव्हज आणि सुईची काळजी ही प्रत्येक पेशंटसाठी तीच असते, कारण कुणाला काय आहे हे बघून कळतच नाही. सगळ्यांसाठी सारखी काळजी घेतली की लाल पेनाची गरजच उरत नाही. ती बाई परत फॉलोअपला आली नाही. तिच्या बाळाची टेस्ट राहिली, औषध राहिलं. वॉर्डात सगळे म्हणाले बघा किती बेजबाबदार.

दुसरं, मानसिक आजाराच्या पेशंटचं. स्किझोफ्रेनिया लिहिलेला माणूस छातीत दुखतंय म्हणून आला की "त्याला तसं वाटत असेल" असं म्हणून ईसीजीच उशिरा होतो. डोक्याचा आजार पुढे येतो आणि शरीराचा आजार त्याच्या सावलीत झाकला जातो. गंभीर मानसिक आजार असलेले लोक इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लोकांना वाटतं ते आत्महत्येमुळे. आत्महत्या आहेतच, पण मोठा वाटा हृदयविकार, डायबेटिस, फुप्फुसाचे आजार, इन्फेक्शन असल्या साध्या, उपचार होऊ शकतील अशा गोष्टींचा आहे. साधी शुगर तपासायचीही राहून जाते त्यांची.

---

सहज_सुचलं

रात्रपाळी, +१. वजनाच्या बाबतीतही हेच. माझं वजन जास्त आहे, मी कानात दडा बसला म्हणून गेले तरी आधी वजनावर लेक्चर. एकदा पोट दुखतंय म्हणून गेले, वजन कमी करा सांगून परत पाठवलं, शेवटी दुसरीकडे सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. वजनाचा खड्यांशी संबंध असू शकतो हे मलाही कळतं हो, पण पोटाला हात तरी लावून बघा की. त्यानंतर मी कितीतरी महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. स्त्रियांच्या नेहमीच्या तपासण्यासुद्धा टाळल्या कारण त्या टेबलावर झोपून परत तेच ऐकायचं.

---

रोखठोक

चर्चा चांगली चालू आहे पण एक बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून मी मांडतो. संसर्गजन्य आजाराला लोक घाबरतात यात चूक काय? घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. टीबी असलेल्या माणसापासून लांब राहणं ही अक्कल आहे, त्याला स्टिग्मा, म्हणजे आजारावरून माणसावर मारलेला शिक्का, म्हणून नावं ठेवायचं कारण नाही. दुसरं, थोडी लाज असलेली बरी असते. सिगरेट ओढणाऱ्याकडे लोक वाईट नजरेने बघायला लागले म्हणून सिगरेट कमी झाली. सगळंच नॉर्मल आहे नॉर्मल आहे म्हणत राहिलो तर माणूस सुधारणार कशाला? कुणाला दुखवायचा हेतू नाही, मनापासून विचारतोय.

---

रात्रपाळी

रोखठोक, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही.

टीबीची काळजी घ्यायचीच. पण ती कुणापासून, किती दिवस आणि कशी हे माहीत असलेली काळजी आणि आयुष्यभराचा शिक्का ह्यात फरक आहे. फुप्फुसाचा किंवा घशाचा टीबी हवेतून पसरतो. हाडाचा, गाठीचा, मणक्याचा टीबी दुसऱ्याला होत नाही, तरी त्या पेशंटचंही ताट वेगळं काढतात. आणि टीबी ताट वाटीतून पसरतच नाही, तो खोकल्यातून हवेत जातो, म्हणजे ताट वेगळं करून काही साधत नाही, खिडकी उघडली आणि पेशंटने मास्क लावला तर साधतं. योग्य औषध सुरू झालं, जंतू त्या औषधाला दाद देणारे असले तर साधारण दोन आठवड्यांत पसरण्याचा धोका खूपच कमी होतो. पण लोक काय करतात, औषध सुरू व्हायच्या आधीच्या काळात, जेव्हा तो खरंच पसरत असतो, तेव्हा कुणालाच माहीत नसतं म्हणून सगळे त्याच्याबरोबर एका खोलीत बसतात, आणि औषध सुरू झाल्यावर, धोका उतरल्यावर, त्याला तोडतात. मग पुढचा माणूस खोकला महिनाभर लपवतो. तुमच्या घरातल्या लहान मुलांना धोका त्या लपवलेल्या महिन्याचा आहे.

एचआयव्हीचं तर आता इतकं स्पष्ट आहे. पार्टनर २ नावाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी ७८२ पुरुष जोडपी, कंडोमशिवाय संबंध, औषधाने विषाणू दाबून ठेवलेला. जोडीदाराकडून जोडीदाराला झालेला संसर्ग शून्य. म्हणजे रोज गोळी घेणारा माणूस स्वतः जगतोच शिवाय पुढची साखळीही तोडतो. आणि आपण नेमकी तीच गोळी त्याला चोरून घ्यायला लावतो. पाहुणे आले, गोळी चुकली. प्रवासात खोलीत दुसरा कुणी होता, गोळी चुकली.

---

औषधपेटी

सिगरेटबद्दल मी बोलते. सिगरेट कमी झाली ती कर वाढले, बंदिस्त जागेत आणि ऑफिसात बंदी आली, जाहिराती बंद झाल्या, सोडायला मदत मिळायला लागली ह्यामुळे. लोकांची नजरही बदलली हे खरं, पण त्या नजरेचं बिल कोण भरतं बघा. सिगरेट ओढणारा डॉक्टरला "कधीतरी एखादी" सांगतो. खोकल्यातून रक्त आलं तरी जात नाही, कारण ऐकायला लागणार की तुझ्या कर्माने झालं. आणि फुप्फुसाचा कॅन्सर सिगरेट न ओढणाऱ्यांनाही होतो, अमेरिकेतली आकडेवारी १० ते २० टक्के अशी आहे. त्यांनाही सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात, किती ओढायचात? आजारी माणसाला स्वतःची बाजू मांडत बसायला लागतं.

लाज वाटून माणूस सुधारतो हे मला माझ्या खिडकीवर तरी दिसलेलं नाही. लपवायला शिकतो मात्र पटकन.

---

जुनीपानं

इतिहासाचा विद्यार्थी आहे, डॉक्टर नाही, पण कुष्ठरोगाच्या इतिहासाशिवाय हा विषय पुरा होणार नाही म्हणून जरा लांब लिहितो.

१८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सेन नावाच्या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू सापडला. त्याआधी हा आजार शाप, पाप, घराण्यातून येणारा असं काय काय मानलं जायचं. आपल्याला वाटेल जंतू सापडला म्हणजे निदान पापाचा आरोप तरी गेला असेल. उलट झालं. जंतू आहे म्हणजे पसरतो, पसरतो म्हणजे कोंडा, असं शास्त्राचं पाठबळ भीतीला मिळालं. हवाईत तर १८६६ पासूनच पेशंटना मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा नावाच्या जागी नेऊन सोडत होते, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उभे कडे, पळून जायला वाटच नाही. सुमारे ८,००० माणसं तिथे पाठवली गेली. सक्ती उठली १९६९ मध्ये. आता तारखा जुळवून बघा, कुष्ठरोगावर काम करणारं औषध १९४० च्या दशकातच हाती आलं होतं.

जपानचं तर आणखी वाईट. तिथला पेशंटना वेगळं ठेवायचा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. १९९६! अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सांगितली, सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांत माणूस पूर्ण बरा होतो, १९९५ पासून ही औषधं जगभर फुकट दिली जातायत, आणि तिथे माणसं बरी होऊनही आत, काहींना मूल होऊ नये म्हणून नसबंदी करून ठेवलेली. २००१ मध्ये कुमामोतोच्या कोर्टाने सरकारला दोषी ठरवलं तेव्हा दावा लावणारे बरेच जण म्हातारे झाले होते आणि घरी परत घ्यायला कुणी उरलं नव्हतं. काहींनी घरच्यांवर शिंतोडे नकोत म्हणून आयुष्य खोट्या नावाने काढलं होतं.

रोखठोक, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, माणसांपैकी बहुतेकांना, साधारण ९५ टक्के लोकांना, हा जंतू अंगात गेला तरी आजार होतच नाही. आणि औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत पेशंट दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणजे ज्या आजाराची जगात सगळ्यात जास्त भीती बाळगली तो मुळात सहज न पसरणारा आजार होता.

---

रात्रपाळी

जुनीपानं, फार छान लिहिलंत. त्यातलं एक चक्र कसं फिरतं ते सांगते. कुष्ठरोगाची सुरुवात अगदी साधी असते, अंगावर फिकट नाहीतर लालसर चट्टा, आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. दुखत नाही, खाजत नाही. ह्या टप्प्यावर आला तर गोळ्या घेऊन माणूस काही खूण न राहता बरा होतो. पण चट्ट्याला बधिरपणा आहे हे कळलं की त्याला शंका येते आणि शंका आली म्हणूनच तो येत नाही, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागतो. तोवर नसा खराब होतात, बोटं वाकतात, पायाला जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. मग लोक ती बोटं बघतात आणि घाबरतात. पुढचा पेशंट ती घाबरलेली नजर बघतो आणि आपला चट्टा आणखी झाकतो. बोटं वाकवणारा जंतू आहे खरा, पण त्याला तेवढा वेळ आपण सगळ्यांनी मिळवून दिलेला असतो.

---

अबोली

हे सगळं वाचून धीर करून लिहितेय. माझा आजार जीव घेणारा नाही त्यामुळे इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर लघवीवर कंट्रोल राहत नाही. शिंकले, हसले, मुलीला उचललं की थोडी होतेच. मी बाहेर जाताना आधी बाथरूम कुठे आहे ते बघते, पाणी कमी पिते, गडद रंगाचेच कपडे घेते, मैत्रिणींबरोबर जाणं बंद केलंय. व्यायाम सोडला, वजन वाढलं. नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही, वास येत असेल का ह्या विचाराने मीच लांब राहते. आईला एकदा बोलले तर म्हणाली बायकांना होतंच असं, त्यात डॉक्टरला काय सांगायचं. रिसेप्शनला सगळ्यांसमोर "काय त्रास आहे" विचारतात तिथेच माझं अवसान गळतं, एकदा तशीच परत आलेय.

---

पाऊलवाट

अबोली, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नेमकं ह्याच त्रासावर काम करते. आधी हे सांगते की हे खूप कॉमन आहे आणि कॉमन आहे म्हणून सहन करायचं असं अजिबात नाही. शिंकताना, उचलताना होणारी गळती ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बऱ्याच जणींची बरी होते किंवा खूप कमी होते, ऑपरेशन हा पहिला उपाय नाहीच. लघवी आणि गॅस दोन्ही एकदम अडवतोय असं समजून ते स्नायू वर ओढून घ्यायचे, काही सेकंद धरायचे, पूर्ण सोडायचे. एका वेळी आठ दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने नेटाने. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडू नका. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत आणि श्वास रोखायचा नाही, घरी करताना बहुतेक जणींचं इथेच चुकतं म्हणून एकदा दाखवून, तपासून घेतलेलं बरं. पाणी कमी पिऊ नका, लघवी घट्ट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. जळजळ, ताप, लघवीत रक्त किंवा पायात बधिरपणा असेल तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरकडे.

आणि रिसेप्शनला कारण सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. "ते मी डॉक्टरांनाच सांगेन" एवढं म्हणायचं, हे वाक्य रोज कितीतरी जण म्हणतात. तोंडातून शब्द फुटत नसतील तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि आत गेल्यावर डॉक्टरांच्या हातात द्या. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्या पुष्कळ जणी असतात.

तुम्ही तुमचा त्रास जीव घेणारा नाही म्हणालात, पण बघा, पाणी कमी, व्यायाम बंद, वजन वाढलेलं, माणसं तुटलेली, नवऱ्याशी अंतर. एका न सांगितलेल्या आजाराने चार नवीन दुखणी घरात आणली.

---

खिडकीपाशी

मी डिप्रेशनमधून गेलोय. पुरुषांबद्दल एक लिहायचंय. आम्हाला "रडतोस काय बायकांसारखा" ऐकत मोठं केलेलं असतं त्यामुळे मला दुःख असं कधी वाटलंच नाही, मला राग यायचा. झोप नाही, पाठ दुखते, चिडचिड, दारू वाढलेली. पाठीचे एक्सरे काढले, ॲसिडिटीची औषधं घेतली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एकाही डॉक्टरला मी खरं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. विचारलं ते माझ्या एका मित्राने, गाडीत, अगदी सरळ, की तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का रे? मी हो म्हणालो. तो घाबरला नाही, उपदेश केला नाही, त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली आणि बाहेर बाकावर बसून राहिला.

लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. ते खरं नाही, अभ्यासांत उलट दिसलंय की विचारल्याने माणूस मोकळा होतो. जगात दर वर्षी ७ लाखांहून जास्त लोक आत्महत्येने जातात. कृपा करून विचारा. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदतीपर्यंत न्या.

---

रोखठोक

खिडकीपाशी, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. रात्रपाळी आणि जुनीपानं यांचं टीबी, कुष्ठरोगाबद्दल वाचलं, संसर्गाचं पटलं. ताटाचं मला खरंच माहीत नव्हतं. सिगरेट आणि दारूच्या बाबतीत मात्र माझं मत अजून तेच आहे, तिथे माणसाची स्वतःची काहीतरी जबाबदारी असतेच.

पण मग करायचं काय ते सांगा. सरकारी जाहिरातींनी होत नाही म्हणताय, मग कशाने होतं?

---

औषधपेटी

जबाबदारी असते, मान्य. पण जबाबदारी घ्यायला माणूस दारात आला पाहिजे आणि दारातच त्याला हाकलला तर ती घेणार कुठे. ह्यावर आपलं एकमत नाही झालं तरी चालेल.

कशाने होतं त्याचं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाने मानसिक आजारांच्या स्टिग्मावर एक आयोग नेमला होता, त्याचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यांनी जगभरातले पुरावे बघून सांगितलं की सगळ्यात जास्त उपयोग होतो तो प्रत्यक्ष संपर्काचा. म्हणजे ज्याला तो आजार आहे किंवा होता असा माणूस समोर बसून बोलतो, बरोबरीने काम करतो, तेव्हा मतं बदलतात. खिडकीपाशींनी वर लिहिलं आणि रोखठोक तुम्ही आभार मानलेत, हेच ते.

दुसरं, व्यवस्थेतल्या लहान लहान गोष्टी. दारावर आजाराच्या नावाची पाटी असलेली वेगळी ओपीडी नको, सगळ्यांची एकच रांग आणि एकच खिडकी. रिसेप्शनला कारण मोठ्याने विचारायचं नाही. नाव आणि आजार एकत्र पुकारायचा नाही. फाईलचा रंग सगळ्यांचा सारखा. आम्ही आमच्या विभागात सगळी औषधं एकाच साध्या पाकिटात द्यायला लागलो, सर्दीची असोत की एचआयव्हीची, आणि समुपदेशनाला पडदा नाही तर दार असलेली खोली मागून घेतली. खर्च जवळजवळ काहीच नाही. लेबल खरवडणारे आता कमी दिसतात मला, निदान खिडकीसमोर तरी.

---

जुनीपानं

ह्याला धरून एक. हॅट्झनब्यूलर, फेलन आणि लिंक ह्या अमेरिकी संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं होतं की स्टिग्मा हे लोकांच्या आरोग्यातल्या विषमतेचं मूळ कारण धरलं पाहिजे, गरिबीसारखंच. कारण तो एकाच वाटेने त्रास देत नाही. पैसा, माणसं, नोकरी तोडतो, सतत लपवण्याचा ताण देतो आणि डॉक्टरपासून लांब ठेवतो, एक वाट बुजवली की दुसरी फुटते. नुसतं औषध आणलं की स्टिग्मा आपोआप जाईल असं का होत नाही ते मला ह्यातून कळलं.

---

माळरान

मावशीला हा धागा वाचून दाखवला. तिने एक लिहायला सांगितलंय. कुणाला फिट आली तर तोंडात चमचा, बोट, कापड काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा चप्पल हुंगवू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स. आणि शुद्धीवर आल्यावर भोवती गर्दी करून बघत उभे राहू नका, तिला म्हणे सगळ्यात जास्त त्रास त्या गर्दीचा व्हायचा.

---

अबोली

पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला, मला बोलता आलं नसतं म्हणून. त्याला वाटत होतं मी त्याच्यावर नाराज आहे. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, चिठ्ठी लिहून ठेवलीये. एक विचारायचं होतं, तपासणीच्या वेळी पाळी चालू असेल तर पुढे ढकलू का?

---

पाऊलवाट

ढकलू नका. माहिती घेणं आणि व्यायाम शिकणं पाळीतही होतं, आतली तपासणी तुम्हाला नको वाटली तर ती पुढच्या वेळी करता येते, तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जाताना दोन तीन दिवसांची नोंद बरोबर न्या, किती वाजता किती पाणी प्यायलात, कधी लघवीला गेलात, कधी आणि काय करताना गळती झाली. त्यावरून अर्धं निदान होतं.